‘से’ म्हणजे कोण

६ जानेवारी, मंगळवार

मास्तरांनी रोज पाच ओळी लिहायला सांगितल्यात, त्याही स्पॅनिशमध्ये. मला अजून स्वतःचं वय आणि ‘आज मंगळवार आहे’ याच्यापुढे काही लिहिता येत नाही. म्हणून मी माझ्याशीच तडजोड केली. लिहायचं रोजचं, पण आपल्या भाषेत, आणि तिकडचा एखादा शब्द मध्येच पेरायचा.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी शाळेत जायची हौस कुणालाच नसते. मलाही नाही. पण फेब्रुवारीच्या शेवटी पाहुणे येणार आहेत. माझी धाकटी बहीण वर्षभर त्यांच्याशी स्पॅनिशमधून बोलते आहे, लिहिते आहे. त्यांचा बुटांचा मोठा कारखाना आहे आणि त्यांना आमची पद्धत हवी आहे. सही झाली की तिकडे आमच्या पद्धतीचे बूट निघतील, आम्हा दोघी बहिणींच्या नावाने. तिने एवढं सगळं जुळवून आणलं, तर त्या दिवशी तिच्यासमोर पाहुण्यांशी एक तरी वाक्य धड बोलावं, असं मनात आलं. तिचा चेहरा बघायचा आहे. म्हणून तिला सांगितलेलं नाही. मंगळवारी संध्याकाळी मी चामडं बघायला जाते, असं तिला वाटतं.

मास्तर म्हणजे तीस वर्षं जहाजांवर आचारी होते. घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत शिकवतात. वर्गात मी आणि परदेशी नोकरीसाठी निघालेल्या दोन परिचारिका. दोघी माझ्या निम्म्या वयाच्या आणि माझ्या दुप्पट वेगाच्या.

१३ जानेवारी, मंगळवार

आज शेपटीवाली क्रियापदं. ‘दामेलो’. दा म्हणजे दे, मे म्हणजे मला, लो म्हणजे ते. मला ते दे. तीन शब्द एकाच श्वासात, एकमेकांना चिकटून. मास्तर म्हणाले, तुमच्या कामात कसं म्हणता? मी म्हटलं, आम्ही नुसतं ‘दे’ म्हणतो. मी हात पुढे केला की धाकटीला कळतं, सुरी हवी की दोरा. मास्तर हसले. म्हणाले, ‘मग तुमच्याकडे शेपटी हातात असते.’

घरी येताना रस्ताभर तोंडातल्या तोंडात चाललं होतं. दामेलो, दिमेलो. मला ते दे, मला ते सांग. भाजीवालीने विचारलं, दात दुखतोय का?

२२ जानेवारी, गुरुवार

पाहुण्यांकडून पत्र आलं. धाकटीने मोठ्याने वाचलं आणि मग मला सांगितलं. त्यांना सगळ्यात जास्त रस आतल्या तिरक्या थरात आहे.

तो थर मी बाविसाव्या वर्षी केला. धाकटी नऊ वर्षांची होती. तापाच्या दुखण्यात तिचा डावा पाय सव्वा इंच आखूड राहिला. बाबांनी तळव्याला जाड तुकडा लावून दिला होता, तो घालून ती दगड बांधल्यासारखी चालायची. आई नव्हती. मी तिला टेबलावर बसवून रोज एक थर कापायची, घालून चालवायची, काढायची, पुन्हा कापायची. चार महिने लागले. चामडं आणि बूच आलटून पालटून, टाचेकडून आत उतरत जाणारं. त्यानंतर ती पळायला लागली. तेव्हापासून दुकानातले बूट ज्यांच्या पायांना बसत नाहीत, ती सगळी माणसं आमच्याकडे येतात.

तीस वर्षांत भिंतीवर दोनशे चौदा जोड फर्मे झाले. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम कोरलेला लाकडी ठोकळा, त्यावर बूट चढतो. आणि अकरा वह्या. प्रत्येकाच्या पायाची रेघ, मापं, कुठे दुखतं, कधीपासून. माझ्यामागे हे सगळं धाकटीचंच. मी तिला तसं कितीदा म्हटलंय.

२९ जानेवारी, गुरुवार

धाकटी चौथी आणि पाचवी वही घरी घेऊन गेली. म्हणाली, पाहुण्यांना एक-दोन पानं दाखवू, फोटो काढते. पहिल्या तीन तिच्याकडेच आहेत. मी म्हटलं, सावकाश आण.

पाहुण्यांसमोर ठेवायला तिने स्वतः एक फर्मा कोरला होता. बरा होता, पण टाच जाड. ती जेवायला गेली तेवढ्यात मी नीट करून ठेवली. आल्यावर तिने तो हातात फिरवला आणि कपाटावर ठेवून दिला. तिला बारीक कामाचा कंटाळा पहिल्यापासूनच. तिचं डोकं भाषेत. म्हणून तर बाबांच्या मागे मी तिला शिकू दिलं आणि सुरी माझ्याकडे ठेवली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज ‘से’. त्याला ते दे, म्हणायला हवं ‘दालेलो’. पण स्पॅनिशमध्ये दोन ‘ल’ शेजारी बसत नाहीत. ‘सख्ख्या बहिणींसारखे?’ दोघींतली लहान परिचारिका म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. मग पहिल्याचं रूप बदलून त्याला ‘से’ करायचं. दासेलो.

मी विचारलं, पण से म्हणजे त्याला की तिला? मास्तर म्हणाले, दोन्ही. त्याला, तिला, त्यांना, तुम्हालासुद्धा. मग कळायचं कसं? म्हणाले, ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याला माहीत असतं. बाहेरच्याला नाही कळत.

मला हे काही पटलं नाही. आपलं बरं, ‘तिला’ म्हटलं की तिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

टपालवाल्या बाई आल्या होत्या. अठरा वर्षं माझ्याकडचे बूट घालतात. पाय पुन्हा पसरलाय. रेघ काढायला आम्ही छापून वाया गेलेले कागद वापरतो, कोऱ्या बाजूने. त्यांना उभं केलं, पेन्सिल फिरवली, मापं घेतली. त्या गेल्यावर कागद उलटला तर मागे धाकटीचं पाहुण्यांना लिहिलेलं पत्र. अर्धंच छापलेलं, शाई संपत आलेली.

मला आनंदच झाला. गृहपाठाला खरंखुरं स्पॅनिश सापडलं. सगळं कुठलं कळायला, पण शेपटीवाली क्रियापदं मी ओळखली आणि उतरवून घेतली. देसीरसेलो. साकारसेलोस. एक्सप्लिकारसेलो. दुसरा तर फारच गोड, आपल्या ‘साकार’सारखा. आणि एका ठिकाणी चक्क ‘फिर्मा’ होतं. म्हणजे आपला फर्मा तिकडेही पोचलेला. कधी नाही ते धाकटीचं लेखन वाचून ऊर भरून आला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांना यादी दाखवली. खूश झाले. एकेक फोडून सांगितलं. देसीरसेलो, ते त्याला सांगणं. एक्सप्लिकारसेलो, ते त्याला समजावून देणं. साकारसेलोसचा साकार करण्याशी काही संबंध नाही. साकार म्हणजे बाहेर काढणं. त्याच्याकडून ते काढून घेणं.

आणि फिर्मा म्हणजे सही.

त्यांनी विचारलं, हे कुठून उतरवलंत? मी अभिमानाने सांगितलं, बहिणीच्या पत्रातून. म्हणाले, पूर्ण वाक्यं असतील तर आणा, शेपटी एकटी वाचू नये.

चौकातल्या मोठ्या बूटवाल्याबद्दल असणार. त्याने बाबांच्या वेळीही आमच्या वह्यांवर डोळा ठेवला होता. सही होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, असं धाकटीने लिहिलं असेल. व्यवहारात ती माझ्यापेक्षा हुशार.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कागद मास्तरांना दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग उठून खिडकी लावली, उगाचच, बाहेर काही आवाज नव्हता. परत बसले आणि पुन्हा वाचला.

मी म्हटलं, सांगा की.

ते म्हणाले, ‘पहिलं वाक्य असं, सही होईपर्यंत ते न सांगितलेलं बरं. कुणाला, ते लिहिलेलं नाही. नुसतं से आहे.’

‘आणि दुसरं?’

‘वह्या मी हळूहळू काढून घेऊ शकेन.’

‘कुणाकडून?’

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. ‘इथेही से आहे.’

चौकातल्या बूटवाल्याकडे कसल्या वह्या. वह्या माझ्याकडे आहेत.

तिसरं वाक्य त्यांनी मी न विचारता सांगितलं. नंतर मीच सगळं नीट समजावून सांगेन, रडणं होईल, पण ऐकेल. मी विचारलं, रडेल म्हणजे तो की ती? मास्तर म्हणाले, स्पॅनिशमध्ये क्रियापदावरून कळत नाही. मग हळूच म्हणाले, ‘ताई, चहा ठेवू का?’

मी नको म्हटलं. 

२३ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस त्या ‘से’च्या जागी माणसं बसवून बघते आहे. चामडेवाला. बाबांचा जुना कारागीर. कुणीच बसत नाही. सगळ्यांना तो बूट चावतो. मीच एक आहे, जिला नेमका बसतो.

आज कामात तिला सहज विचारलं, पाहुणे वह्यांबद्दल काय म्हणतात ग? ती शिवणयंत्रावर होती. मान वर केली नाही.

‘काही नाही ताई. तू कशाला डोकं शिणवतेस? सही झाली की सगळं नीट समजावते तुला.’

एक्सप्लिकारसेलो. मी सुरीला धार लावत बसले. धार होती, तरी लावत बसले.

मी अजून म्हणते, चूक माझी असेल. दीड महिन्याचं माझं स्पॅनिश. मास्तरही आचारी माणूस.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी मलाच काहीतरी वेगळं सांगेन.

पाहुणे अकराला आले. एक साठीच्या बाई, करड्या केसांच्या, कारखान्यात मापाचं सगळं त्या बघतात. बरोबर कागदपत्रांची पिशवी घेतलेला वकील. धाकटीने सकाळीच मला बजावलं होतं, तू फक्त काम दाखव, बोलायचं माझ्यावर सोड. मी कोपऱ्यात माझ्या स्टुलावर होते.

बाईंनी भिंतीवरचा एक फर्मा उचलला. टपालवाल्या बाईंचा. अंगठा फिरवत विचारलं, हा कुणी केला? एवढं मला कळलं. पहिल्या महिन्यातला धडा.

धाकटी म्हणाली, ‘यो.’ मी. आणि माझ्याकडे हात करून, बहीण मला मदत करते.

मदत करते. ‘मे आयुदा’. फार साधे शब्द. इतके साधे, की माझी कुठे चूक होण्यासारखी जागाच नव्हती.

मग बाई थेट माझ्याकडे वळल्या, तिरक्या थराचा एक तुकडा पुढे केला आणि काही विचारलं. उतार हाताने दाखवला, म्हणजे उतार कसा ठरवता, असंच काहीतरी. मी धाकटीकडे पाहिलं. ती हसून मला म्हणाली, ‘त्या म्हणतायत, खोलीत उजेड छान आहे.’

तीस वर्षं माझा हात पुढे झाला की हिला कळायचं मला काय हवंय. हिच्या पोटात काय आहे, ते मला कधी बघावंसंच वाटलं नाही.

मी उठले. बाईंसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या तोंडातून जे निघालं ते मी कुठे पाठ केलेलं नव्हतं.

‘प्रेगुंतेमेलो आ मी.’

ते मला विचारा.

 वकिलाने पिशवीचा बंद सोडला होता, तो तसाच धरून राहिला. बाईंनी पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सोडून. त्यातले निम्मे कळले. उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हतेच. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांचा बूट काढला, टाचेखाली अंगठा दाबला आणि त्या जिथे आखडल्या तिथे खडूने खूण केली. बूच कापलं, चामडं कापलं, घातलं, उभं केलं. काढलं, पुन्हा कापलं. वीस मिनिटं लागली असतील. बाई खोलीत फेरी मारून आल्या. मग धाकटीशी काहीतरी बोलल्या, आवाज न चढवता. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

सही झाली नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

करारात काय होतं, ते धाकटीने स्वतःच सांगितलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. पद्धत तिच्या एकटीच्या नावावर. वह्या कारखान्याच्या. तिला तिकडे मापाच्या विभागात वरची जागा. मी मदतनीस, नाव नाही.

मी म्हटलं, केसाने गळा कापलास माझा.

मला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही. ती टेबलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, आणि डावा बूट काढून माझ्यासमोर ठेवला.

‘हे कुणाच्या पायावर शिकलीस तू? चार महिने फोड कुणाला आले? तू कापायचीस, मी चालायचे. दुखतंय म्हटलं की तू म्हणायचीस, अजून दोन पावलं टाक. मी केलेला एक फर्मा भिंतीवर दाखव मला. एक. सगळे तू परत कोरलेस, मी जेवायला गेले की. आपलं दुकान, आपली पद्धत, सारखं आपलं, आपलं. त्यात मी कुठे होते, ताई?’

मी म्हटलं, मग तोंडावर का नाही मागितलंस?

‘तू दिलं असतंस?’

मी तिचा बूट तिच्याकडे सरकवला. 

मग तिनेच विचारलं, स्पॅनिश कधीपासून? मी म्हटलं, जानेवारीपासून. तुला त्या दिवशी खूश करायचं होतं. ती म्हणाली, ‘दोन महिने मला सांगितलं नाहीस.’

तिच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं काहीतरी होतं. मला त्याचा इतका राग आला, की मी दुकानाबाहेर निघून गेले आणि ती जाईपर्यंत परतले नाही.

९ मार्च, सोमवार

धाकटी गेली. करार मोडला, पण कारखान्याने तिला खालची का होईना नोकरी दिली. सामान नेताना वह्या टेबलावर ठेवून गेली. अकराच्या अकरा. म्हणजे उरलेल्या सहा माझ्या कपाटातून कधी गेल्या, ते मला कळलंही नव्हतं. वर एक चिठ्ठी, नऊ वह्यांचे फोटो आधीच पाठवले आहेत.

एक आठवडाभर मी ही गोष्ट माझ्याबद्दलची आहे असंच समजत होते. आज वह्या चाळताना लक्षात आलं, यात पाय दुसऱ्यांचे आहेत.

दुपारी टपालवाल्या बाईंना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, माझ्या पानावर काय लिहिलं होतंस? मी वाचून दाखवलं. उजव्या पायाची बोटं सुन्न, दोन वर्षं. साखर वाढलेली. घरी कुणाला ठाऊक नाही, कामावर कळलं तर फिरतीवरून काढतील.

त्या जराही चिडल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

‘मी ते तुझ्यापाशी ठेवलं होतं,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी नाही पाठवलं. त्या म्हणाल्या, ‘पण वही तुझी ना?’ मग पान मागितलं. मी ते पट्टी लावून फाडून दिलं. त्यांनी चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकलं. नवा बूट कधी मिळेल, ते विचारलं नाही.

अजून दीडशेच्या वर घरं आहेत. रोज दुकान बंद केल्यावर दोन-तीन करते. काहीजण हसून सोडून देतात. काहीजण दारातूनच परत पाठवतात.

३१ मार्च, मंगळवार

कारखान्यातल्या बाईंचं पत्र. मास्तरांनी मदत केली, पण बरंचसं मीच लावलं. फोटो पुसून टाकले म्हणतात. मी तिकडे येऊन शिकवावं, माझं नाव राहील. मी चार ओळींत नाही म्हणून कळवलं. मास्तरांनी एकच चूक काढली. नकार देताना ती शेपटी मागे लागत नाही म्हणे, पुढे येते. मी सुधारून पाठवलं.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी धाकटीचा फोन. पहिलाच. पाच आठवड्यांनी.

ती म्हणाली, खोली बरी आहे, काम कंटाळवाणं आहे, दिवसभर यंत्राने पाय मोजतात. मी म्हटलं, बरं. तिने दुकानाचं विचारलं. मी म्हटलं, चालू आहे. टपालवाल्या बाई परत आल्या नाहीत, ते सांगितलं नाही. तिनेही माफी मागितली नाही आणि मी तिला त्या वाटेला आणलं नाही.

मग म्हणाली, ‘इथे सगळे विचारतात, तुझे बूट कुणी केले म्हणून.’

‘मग तू काय सांगतेस?’

‘ताईने केले, असं सांगते.’

 ती खरं बोलते आहे की मला बरं वाटावं म्हणून बोलते आहे, ते मला ओळखायचं होतं. लहानपणी ती बंद दाराआडून ‘नाही दुखत’ म्हणायची, तरी मला कळायचं, कुठे आणि किती दुखतंय.

आज नाही कळलं.